आठवड्याचं इंजेक्शन आणि बारीक अंगातली चरबी

वजन आणि साखर उतरवणारं मौंजारो हे औषध मार्च २०२५ मध्ये भारताच्या बाजारात आलं. आठवड्याला एक इंजेक्शन, एका मात्रेची एक काचेची कुपी. तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना होती, पाचची ४,३७५ रुपयांना. चार आठवड्यांचा हिशेब चौदा हजार ते साडेसतरा हजार रुपये. जूनमध्ये वेगोवी हे तसंच दुसरं इंजेक्शन आलं आणि त्याच्या सुरुवातीच्या मात्रांचा महिन्याचा खर्च १७,३४५ रुपये होता. नोव्हेंबरात वेगोवीच्या कंपनीने भाव उतरवले, सर्वांत लहान मात्रा १०,८५० रुपयांवर आली. डिसेंबरात त्याच औषधाचं मधुमेहासाठीचं रूप, ओझेंपिक, ८,८०० रुपयांपासून मिळू लागलं. एवढ्या महागड्या औषधाला गिऱ्हाईक किती मिळणार, अशी शंका कुणाला असेल तर ती फार दिवस टिकली नाही. बाजाराची मोजदाद ठेवणाऱ्या फार्मारॅकच्या आकड्यांप्रमाणे ऑक्टोबर २०२५ मध्ये मौंजारोची महिन्याची विक्री १०० कोटी रुपयांपर्यंत गेली आणि वर्षानुवर्षं घराघरांत जाणारं ऑगमेंटिन हे अँटिबायोटिक दुसऱ्या क्रमांकावर ढकललं गेलं.

या विक्रीत ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा पट्टा असणारच. घोडबंदर रोडच्या टॉवरांत, नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत, डोंबिवलीच्या फडके रोडवर, लोकलच्या लेडीज डब्यात, जिथे चार ओळखीची माणसं भेटतात तिथे 'ते वजन कमी करायचं इंजेक्शन' आता बोलण्यात येतं. विचारणारे बहुतेक एकच विचारतात: किती किलो उतरतं? मला हा प्रश्न अपुरा वाटतो, आणि आपल्या माणसांच्या बाबतीत तो धोक्याचाही आहे. असं का वाटतं ते सांगायला आधी पुण्याला जावं लागेल.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा होता: २२.३. कोणत्याही तक्त्यात दोघेही सडपातळ ठरले असते. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला जो फरक दिसलाच नाही तो दुपटीहून मोठा होता. वरून बारीक आणि आतून चरबीचं, असं हे भारतीय अंग.

याज्ञिक यांचं मोठं काम त्या फोटोआधीच सुरू झालं होतं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांच्या चमूने बायकांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवली. शेतात राबणाऱ्या, काटक बांध्याच्या या बायका. त्यांच्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आठशे ग्रॅम कमी वजनाचं बाळ सगळ्याच बाजूंनी कमी असणार असं वाटतं. तसं नव्हतं. पोटातले अवयव लहान होते, स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी जवळजवळ राखलेली होती. पुढे ती मुलं अठरा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा त्यांतली जवळपास निम्मी बीएमआयच्या हिशेबाने कमी वजनाची होती, आणि तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्के व मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर नेहमीपेक्षा वर गेलेली होती. ठाणे-डोंबिवलीत राहणारी कितीतरी कुटुंबं दोन पिढ्यांमागे अशाच गावांतून आली. चाळीतून फ्लॅटमध्ये आली, नोकरी बसून करायची झाली, तेल-साखर स्वस्त झाली. अंग मात्र आजीच्या पोटातून आलेलं, कमी स्नायूंचं.

म्हणून आपल्याकडे किलोपेक्षा कंबर महत्त्वाची. आशियाई माणसासाठी पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि बायकांत ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. कंबर मोजायची जागाही बहुतेक जण चुकतात. पँट किंवा सलवार बांधतो तिथे टेप लावायची नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज होता आणि पोटाचा स्थूलपणा ३९.५ टक्के लोकांत आढळला. बीएमआयने मोजलेला स्थूलपणा मात्र २८.६ टक्केच होता. या दोन आकड्यांमधल्या फटीत जी माणसं राहतात, त्यांना स्वतःला आपण जाड आहोत असं कधी वाटतच नाही.

आता औषधाकडे येऊ. आपण जेवलो की आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. साखर वाढलेली असेल तर ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठर रिकामं होण्याची गती कमी करतं आणि मेंदूला पोट भरल्याची खूण देतं. १९८० च्या दशकात हे संप्रेरक हाती लागलं तेव्हा मधुमेहावर उपाय सापडल्यासारखं वाटलं. अडचण एकच होती. रक्तातलं एक विकर त्याला साधारण दोन मिनिटांत तोडून टाकतं. दोन मिनिटं टिकणाऱ्या पदार्थाचं औषध करणार कसं?

मार्ग सापडला तो एका विषारी सरड्याकडून. अमेरिकेच्या वाळवंटात राहणारा गिला मॉन्स्टर हा सरडा. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणारे डॉ. जॉन एंग यांना १९९२ मध्ये या सरड्याच्या विषात जीएलपी-१ शी मिळताजुळता, पण लवकर न तुटणारा रेणू मिळाला. त्यावरून बनलेल्या औषधाला अमेरिकेत २००५ मध्ये परवानगी मिळाली. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढे डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीत लोटे ब्येर क्नुडसेन यांच्या चमूने मानवी संप्रेरकालाच स्निग्धाम्लाची शेपटी जोडली. त्या शेपटीने रेणू रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहतो आणि विकराच्या तावडीत लवकर सापडत नाही. आधी दिवसाला एकदा घ्यायचं लिराग्लुटाइड आलं, मग आठवड्याला एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइड. वेगोवी आणि ओझेंपिक म्हणजे सेमाग्लुटाइडच. मौंजारोतलं टिर्झेपेटाइड हे एलाय लिली कंपनीचं. ते जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. क्नुडसेन, संशोधक जोएल हेबनर आणि या संप्रेरकाचा नेमका कामाचा तुकडा ओळखणाऱ्या स्वेतलाना मोयसोव्ह यांना २०२४ चा लास्कर पुरस्कार मिळाला. मोयसोव्ह यांचं नाव कितीतरी वर्षं मागे राहिलं होतं; ते अखेर पुढे आलं याचं मला फार बरं वाटतं.

औषध खरोखर परिणामकारक आहे, याबद्दल मनात किंतु ठेवायचं कारण नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ लोकांनी ६८ आठवडे भाग घेतला. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के घटलं, नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. टिर्झेपेटाइडच्या २०२२ मधल्या चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के वजन उतरलं. वजनापेक्षाही मला मोलाची वाटते ती २०२३ ची चाचणी: हृदयविकार असलेल्या, मधुमेह नसलेल्या १७,६०४ स्थूल किंवा जादा वजनाच्या लोकांत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयामुळे येणारा मृत्यू यांचं एकत्र प्रमाण २० टक्क्यांनी कमी केलं. गुडघ्यांच्या झिजेने त्रासलेल्या स्थूल लोकांवर २०२४ मध्ये झालेल्या चाचणीत दुखणं ठळकपणे कमी झालं. दोन्ही गुडघे धरून ठाणे स्टेशनच्या पुलावर एकेक पायरी चढणाऱ्या बाईला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. अशा माणसाला 'तोंडावर ताबा ठेव' एवढंच ऐकवून परत पाठवणं मला आता अन्यायाचं वाटतं.

पण उतरलेलं वजन म्हणजे नुसती चरबी नाही. सेमाग्लुटाइडच्या त्याच पहिल्या चाचणीत काही लोकांच्या शरीराची क्ष-किरण यंत्राने मोजणी केली होती. गेलेल्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा चरबीखेरीजच्या ऊतींचा होता, आणि त्यात स्नायूही येतात. टिर्झेपेटाइडमध्ये हा वाटा साधारण २५ टक्के आढळला. ज्यांच्या अंगात मुळात भरपूर स्नायू आहेत त्या अमेरिकी किंवा युरोपी माणसाला ही घट परवडत असेल. पुण्याच्या खेड्यांतल्या बाळांचे वारस असलेल्या आपल्याला ती तशी परवडत नाही. आपल्याकडे चरबी जास्त आणि स्नायू कमी. औषध दोन्ही कमी करतं. यकृतातली आणि पोटातली चरबी घटते हा मोठा फायदा, तो नाकारायचा नाही. पण साखर वापरून टाकणारी शरीरातली सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू. तेच गेले आणि पुढे औषध बंद होऊन चरबी परत आली, तर माणूस आधीच्याच वजनाला आधीपेक्षा वाईट अंग घेऊन उभा राहतो.

आणि चरबी परत येते. पहिल्या चाचणीतल्या काही लोकांना औषध बंद केल्यावर वर्षभर पाहिलं, तेव्हा घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत चढलेलं होतं. यात त्या माणसांचा आळस शोधू नये. संप्रेरक बाहेरून येणं थांबलं, भूक होती तिथे आली. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला तर आपण रुग्णाला दोष देत नाही, तसंच हे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये स्थूलपणावरच्या या औषधांविषयी पहिली मार्गदर्शिका काढली. तिनेही दीर्घकाळचे उपचार, आणि सोबत आहार-व्यायामाचं सघन साहाय्य, अशीच भूमिका घेतली, तीही सशर्त.

हे ध्यानात आलं की लग्नाच्या हॉलची तारीख डोळ्यांपुढे ठेवून सुरू केलेलं इंजेक्शन किती चुकीच्या जागी आहे ते उघड होतं. सेमाग्लुटाइडची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने होते आणि दर चार आठवड्यांनी एक पायरी चढत २.४ ला पोचायला सोळा आठवडे लागतात. तीन महिन्यांवर लग्न असलेली मुलगी पूर्ण मात्रेपर्यंत पोचतही नाही. मात्रा घाईने वाढवली तर ओकाऱ्या होतात. आणि एक गोष्ट तिला स्पष्ट सांगायला हवी, कारण घरात ती कुणी सांगत नाही: गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या विचाराआधी किमान दोन महिने थांबवायचं असतं. टिर्झेपेटाइडमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून औषध सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वाढीव मात्रेनंतर चार आठवडे दुसरी काळजी घ्यायला सांगतात. वजन घटल्यावर अनियमित पाळी सुरळीत होऊन अचानक दिवस राहण्याचेही प्रसंग येतात.

कुणाला द्यायचं याची मंजूर चौकट अशी आहे: बीएमआय ३० किंवा जास्त, किंवा २७ वा त्याहून जास्त आणि सोबत रक्तदाब, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं यांसारखा वजनाशी जोडलेला एखादा विकार. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ साधारण ८२ किलो किंवा ७४ किलो. पण भारतीय निकषांप्रमाणे २३ ला जादा वजन आणि २५ ला स्थूलपणा सुरू होतो, म्हणजे त्याच उंचीला ६३ आणि ६८ किलो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्ससह भारतीय तज्ज्ञांनी नवी व्याख्या मांडली. तिच्यात पोटाची चरबी आणि जडलेले आजार पाहून दोन टप्पे पाडले आहेत. औषधाच्या मंजुरीची चौकट आणि भारतीय निकष या दोन मोजपट्ट्यांत मोठं अंतर आहे. बीएमआय २४, कंबर ९८, यकृतात चरबी, साखर वर, असा कल्याणचा पंचेचाळीस वर्षांचा कारकून वजनाच्या चौकटीत बसत नाही. मधुमेह झालेला असेल तर ओझेंपिक किंवा मौंजारो त्याला त्या आजारासाठी देता येतं, पण त्याचा पहिला उपाय बहुधा स्नायू वाढवणं हाच असतो. उलट बीएमआय २६ असलेली, साखर-दाब सगळं ठीक असलेली आणि पैसे भरू शकणारी व्यक्ती आग्रह धरते. डॉक्टरने दोघांनाही नीट वेळ द्यावा, आणि दुसऱ्याला प्रसंगी नाही म्हणावं, असं मला मनापासून वाटतं.

मळमळ, जुलाब, बद्धकोष्ठता, आंबट ढेकर हे नेहमीचे त्रास. बहुतेकांना मात्रा वाढवल्यानंतरच्या दिवसांत होतात आणि हळूहळू कमी होतात. आपल्या पट्ट्यात या त्रासाला एक खास जोड आहे. डोंबिवली ते मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर. सकाळच्या फास्टमध्ये उभ्याने घाम गाळत जाणाऱ्या बायका पाणी मुद्दाम कमी पितात, कारण वाटेत आणि स्टेशनावर धड स्वच्छतागृह मिळत नाही. या औषधाने तहानही मंदावते, त्यात ओकारी-जुलाब झाले तर अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. मूत्रपिंडाला इजा होण्याचा इशारा औषधाच्या पत्रकातच आहे. इंजेक्शनचा वार आठवड्याच्या शेवटी ठेवणं, त्रासाचे पहिले दिवस घरी काढणं आणि पाण्याची बाटली रिकामी करणं, एवढं साधं नियोजन खूप त्रास वाचवतं. जठर हळू रिकामं होत असल्याने वडापाव, तर्रीची मिसळ, पुरणावर तुपाची धार हे पोटात तासन्‌तास बसून राहतं. त्यातून होणाऱ्या त्रासाचा दोष औषधावर जातो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर चतुर्थीचा निर्जळी उपास किंवा नवरात्राचे नऊ दिवस डॉक्टरांना आधी सांगितल्याशिवाय धरायचे नाहीत. साखर एकदम खाली जाऊ शकते.

क्वचित होणाऱ्या पण गंभीर गोष्टीही माहीत असाव्यात. पोटात सतत आणि पाठीकडे जाणारी तीव्र कळ म्हणजे स्वादुपिंडाची सूज असू शकते. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल तर हे औषध घ्यायचं नाही. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालेला असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत. आणि शस्त्रक्रिया ठरली असेल, अगदी दातांची भूल देऊन करायची असली तरी, आपण हे इंजेक्शन घेतो हे सांगायचं. उपाशी असूनही पोटात अन्न राहिलेलं असू शकतं आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

आता स्नायूंकडे परत येतो, कारण माझा सगळा आग्रह तिथेच आहे. डोंबिवलीतल्या नोकरदार घराचा डबा म्हणजे चार पोळ्या आणि भाजी. एका पोळीत साधारण तीन ग्रॅम प्रथिनं, भाजीत दोन-तीन. सगळ्या डब्यात पंधरा ग्रॅम. इंजेक्शन सुरू झाल्यावर चारच्या दोन पोळ्या होतात, म्हणजे नऊ ग्रॅम. वजन घटत असताना सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला किमान ७० ते ८४ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असं आहारतज्ज्ञ सांगतात. भूक अर्धी झालेली असताना हा आकडा गाठणं हे खरं कसब. पोळी-भाजी केंद्रांनी आपली गावं तारली आहेत, घर-नोकरी सांभाळणाऱ्या बायकांचा वेळ त्यांनी वाचवला. आता त्यांनी डब्यात मटकी-मुगाची उसळ, पिठलं, दह्याची वाटी, पनीर यांना पोळीइतकंच मानाचं स्थान द्यायला हवं. शाकाहारी नसलेल्यांना अंडी, सुके-ओले मासे, कोंबडी आहेतच. मूठभर जेवणात पहिला घास प्रथिनांचा, पोळी-भात शेवटी.

बी-१२ चाही विचार इथेच करावा लागतो. याज्ञिक यांच्याच चमूने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे आणि परिसरातल्या ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. ६७ टक्के जणांत बी-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन ते आणखी कमी करतं. आता त्यात जेवणच निम्म्यावर येणार. हातापायांना मुंग्या, थकवा येऊ लागला तर तो औषधाचाच परिणाम समजून सोडून देऊ नये, बी-१२ तपासावं.

मराठी मध्यमवर्गाला वजनाची चर्चा नवी नाही. डॉ. श्रीकांत जिचकरांच्या विचारावर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी उभी केलेली दोन वेळच्या जेवणाची जीवनशैली गावोगावच्या सभागृहांत पोचली, आणि लोकांना इन्सुलिन हा शब्द त्यामुळे माहीत झाला. तिच्यावर मतभेद आहेत, पण लोकांनी स्वतःच्या जेवणाकडे पाहायला सुरुवात केली ही तिची देणगी आहे. फक्त दोन वेळा भरपेट जेवायची सवय असलेल्याने इंजेक्शन सुरू केल्यावर तो क्रम तसाच ठेवू नये. मंद झालेल्या जठराला एकदम भरलेलं ताट सोसत नाही आणि प्रथिनंही दिवसभरात वाटून घेतलेली बरी.

खोट्या मालाबद्दलही सावध राहायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट ओझेंपिकचा इशारा दिला होता. ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत अशा तुकड्या सापडल्या होत्या. हे चिठ्ठीवर मिळणारं, २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं औषध आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून, जिमच्या प्रशिक्षकाकडून, 'परदेशातून आणलंय' म्हणून मिळालेलं पेन आधी कुठल्या डिकीत तापलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. मेडिकलमधून घ्यावं, पावतीवर बॅच क्रमांक बघावा, थंड डब्यात घरी आणावं, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये. वीज जास्त वेळ गेली तर पत्रकात दिलेल्या मुदती वाचाव्यात. लोकलच्या डब्यांत चिकटवलेले वजन घटवण्याची हमी देणारे कागद आपण रोज बघतो. औषधाने स्थूलपणा बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने बंदी आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि ज्यांची तयारी आधीच झाली होती त्या सन फार्मा, डॉ. रेड्डीज, झायडस यांसारख्या देशी कंपन्यांचा रस्ता मोकळा झाला. स्वस्त होणं चांगलंच आहे. आजवर हे औषध खरी गरज असलेल्या रिक्षाचालकाला, घरकामाच्या बाईला परवडतच नव्हतं, आणि कळव्याच्या किंवा कल्याणच्या सरकारी-महापालिका रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असणाऱ्यांपैकी ज्यांना हृदयाचा धोका आहे त्यांच्यापर्यंत ते पोचलं पाहिजे. पण स्वस्त झालेली गोष्ट सैल हाताने वाटली जाते, हेही आपण अँटिबायोटिकांच्या बाबतीत पाहिलं आहे. म्हणून ठाण्या-कल्याणच्या डॉक्टरांकडे माझी एक मागणी आहे. दर तीन महिन्यांनी वजनाशेजारी आणखी तीन आकडे लिहा. एक, कंबर. दुसरा, हाताच्या पकडीचा जोर. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत पुरुषांत २८ किलोखाली आणि बायकांत १८ किलोखाली पकड गेली तर ती कमी मानतात. तिसरा आकडा घरीही काढता येतो. हात छातीशी बांधून साध्या खुर्चीवरून सलग पाच वेळा उठून बसायचं आणि घड्याळ पाहायचं. त्याच निकषांप्रमाणे बारा सेकंद किंवा जास्त वेळ लागला तर पायांचा जोर कमी झालेला आहे. औषध सुरू करण्यापूर्वी ही वेळ मोजून ठेवावी. तीन महिन्यांनी वजन आठ किलो उतरलेलं असेल आणि ती वेळ वाढलेली असेल, तर पुढची मात्रा वाढवण्याआधी डब्यातली उसळ आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम वाढवायचा.